अक्काची पिवळी पिशवी

"चष्मा, कवळी, औषधांची यादी, कागद... सगळं बघून घ्या," म्हणत नर्सबाईंनी पिवळी पिशवी माझ्या हातात दिली, तेव्हाच कळलं की माझी मोठी बहीण गेली. त्याला आता दीड महिना होईल.

अक्का उरवड्याजवळच्या वृद्धाश्रमात मावशी म्हणून कामाला होती. तिथल्या म्हाताऱ्यांना पुण्याच्या हॉस्पिटलात नेणारी-आणणारी अ‍ॅम्ब्युलन्स माझी. टेम्पोवर क्लीनर होतो तिथपासून स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली. एकदा घाईत मी एका आबांना कानातल्या मशीनशिवाय नेलं. त्यांना प्रश्न ऐकू येईनात, तिथल्या लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झालाय, त्यांनी हात बांधून ठेवले. चूक माझी होती. अक्का ओरडली नाही. तिने जुन्या पडद्याच्या पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत एक कागद घातला : कोणत्या कानानं ऐकतात, भात मऊ लागतो का, कोणत्या हाकेला ओ देतात. पिशवी आल्याशिवाय गाडी हलायची नाही. मी स्टिअरिंगवर हात आपटायचो.

"अक्के, आवर की!"

"लई बोलू नगंस. कवळी कुटं हाय बघ आदी."

हॉस्पिटलातून परत आणताना मात्र ती मलाच पुढं करायची. कोणतं औषध बंद, कोणतं नवं, हे लिहून घ्यायचं. "बाजारात तासभर घासाघीस करतुयास न्हवं? मग हितं कर की!" मी असा भांडायचो की पुढं पुढं मला बघताच काउंटरवरचे लोक कागद काढून ठेवायचे.

नंतर त्याच हॉस्पिटलानं सगळ्या वृद्धाश्रमांसाठी अशा पिशव्या काढल्या, समारंभ केला. भाषणात अक्काचं नाव कुणी घेतलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही. ती म्हणाली, "पिशवी जाती न्हवं संगट? झालं तर मग." माझं झालं नाही. तिचं नाव हौसाबाई. नीट वाचा.

तिला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हा तिचा कागद मी भरला : 'डाव्या कानानं ऐकते. हौसाबाई म्हटलं तर बघणार नाही, अक्का म्हणा.' दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो तर झाडणाऱ्या बाईपासून डॉक्टरांपर्यंत जो तो तिच्या डावीकडे वाकून "अक्का" म्हणत होता, आणि ती प्रत्येकाकडे बघत होती.

तिची पिशवी आता माझ्या सीटमागे अडकवलेली असते. परवा एका आजींना तपासणीला न्यायचं होतं. किल्ली फिरवली आणि हात आपोआप मागे गेला. नव्या मावशींना विचारलं, "कवळी?" त्या चपापून आत पळाल्या. मी गाडी बंद केली आणि थांबलो.