हळद निजामाबादला, हुकूम जवळा बाजारला

स्वतःची फजिती स्वतःच सांगायला बसलोय, तेव्हा हसायला हरकत नाही, फक्त जरा हळू हसा. आमच्या हट्टा गावात अजून अकरा घरं अशी आहेत, जिथं हा विषय निघाला की माझ्यापुढं कपबशी जोरात आदळते. बारावं घर माझंच. तिथं तर चहाच मिळत नाही.

आमचा बारा हळदवाल्या शेतकऱ्यांचा गट. गटाचे प्रमुख मारोतराव आणि कायदेशीर सल्लागार मी. नेमणूक कुणी केली? कुणीच नाही. पण बांधाची एक केस मी सोळा वर्षं चालवलेली. कोर्टाच्या आवारातली कुत्रीसुद्धा मला ओळखून शेपटी हलवतात. एवढा अनुभव वाया घालवायचा का?

गटानं दुबईच्या एका व्यापाऱ्याशी सौदा केला. ऐंशी पोती हळद, तोंडं शिवलेली, शिवणीवर गटाचं आणि व्यापाऱ्याचं लाखेचं सील. माल जवळा बाजारच्या गोदामात. कुलूप एक, किल्ल्या दोन: एक आमच्याकडं, एक व्यापाऱ्याच्या दलालाकडं. माल निघायच्या आठवड्यातच दलालाचा निरोप आला: हळदीत रंग मिसळलाय, सौदा मोडला.

मारोतराव दोन दिवस पारावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सौदा गेला तर गेला. पण उद्या पोरी पाहायला येणारे म्हणतीन, हे ते भेसळवाले व्हय? तवा काय सांगावं?"

करारात लिहिलेलं होतं की वाद झाला तर लवाद दुबईत बसेल, तिथले पंच निकाल देतील. ठीक आहे. पण पंचांना दाखवायचं काय? तीच ऐंशी पोती. त्याआधी दलालानं ती बदलली, किंवा त्यांत खरंच रंग कालवला, तर बारा घरांच्या तोंडाला कायमचं काळं.

"गंगाधर, माल हलवायला कोर्टातून मनाई आणावी का?" मारोतरावांनी विचारलं.

"कोणत्या कोर्टातून?"

"आपल्या."

मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. "मारोतराव, माझी फटफटी चोरीला गेली तवा काय झालं? चोरी पुलाच्या अल्याड का पल्याड, यावर दोन ठाण्यांनी मला चार दिवस फिरवलं. एक पूल ओलांडता येत न्हाई इथं, अन् तुमी दुबईच्या भांडणात आपलं कोर्ट घालून राहिले?"

"बराबर हाय," चार जण म्हणाले. मारोतराव मात्र दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला निघाले. आमच्याच गावची लेक, सुजाता वाघमारे, तिथं हायकोर्टात वकिली करते. जाताना गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली. "ध्यान ठेवजो," एवढंच म्हणाले.

आता ध्यान ठेवायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं का? मी विचार केला, इथलं कोर्ट तर काही करू शकत नाही. मग माल आपणच वाचवला पाहिजे. निजामाबादला माझ्या साडूचं गोदाम आहे. तिथं दलालाच्या बापालाही पत्ता लागणार नाही. भर दुपारी टेम्पो लावला, हमाल लावले, आणि ऐंशीच्या ऐंशी पोती तेलंगणात नेऊन ठेवली. परत येताना मला वाटत होतं, गटानं आपला सत्कार करावा.

तिसऱ्या दिवशी मारोतरावांचा फोन. आवाजात किती दिवसांनी जीव आलेला.

"गंगाधर, मनाई भेटली. निकाल दुबईतच लागंन, पण तोवर माल सांभाळायचा हुकूम आपलं हायकोर्ट देऊ शकते. आता पोती जागची हलू शकत न्हाईत. उद्या कोर्टाचा माणूस पाहायला येऊन राहिला."

"हलू शकत न्हाईत म्हंजे," मी विचारलं, "आजपासून, का परवापासून?"

"काहून?"

मी तिकडच्या हवापाण्याची चौकशी केली. मग फोन वकीलबाईंच्या हातात गेला.

"काका, पोती कुठं आहेत?"

"सुखरूप हायेत."

"कुठं?"

"साडूकडं."

"साडू कुठं?"

"निजामाबादला."

बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "काका, बांधावरचा आंबा कुणाचा, हे पंच दुबईत बसून ठरवतील. पण तोवर त्याला कुणी कुऱ्हाड लावू नये, हे सांगायला झाडाजवळचंच कोर्ट लागतं. माल इथं आहे, एवढ्याच आधारावर मी हुकूम मिळवला. आणि तुम्ही झाडच उपटून तेलंगणात लावलं."

कोर्टात समोरच्या वकिलानं दोनच प्रश्न विचारले म्हणे. माल तेलंगणात आहे, तर या कोर्टाचा संबंध काय? आणि मनात खोट नसेल, तर सील केलेला माल गुपचूप हलवला कुणी? पहिल्याला बाईंकडं उत्तर होतं: गोदाम इथलंच, माल परत आणतो. दुसऱ्याला मीच उत्तर होतो. ज्या अब्रूला दलाल धक्का लावील म्हणून भीत होतो, ती मी आपल्या हातानं टेम्पोत भरली होती.

अज्ञानापोटी माल हलवला, असं प्रतिज्ञापत्र मी सही करून दिलं. सोळा वर्षांच्या अनुभवावर 'अज्ञान' हा शब्द टाईप झालेला पाहायला फार बरं वाटत नाही. पोती कोर्टाच्या माणसासमोर परत आली. एकेक सील तपासलं गेलं. त्या दोन तासांत मी ऐंशी वेळा मेलो. सगळी सीलं शाबूत निघाली. पुढं तपासणीत रंगाचा कणही सापडला नाही, आणि दुबईच्या पंचांनीही ते मानलं.

पण नमुने काढले त्या दिवसाचं सांगतो. अकरा घरची माणसं गोदामात उभी होती. मी रस्त्यापलीकडं, हॉटेलच्या बाकड्यावर. कारण सुधारलेल्या हुकुमात दोघांना गोदामाजवळ जायला मनाई होती: एक दलाल, दुसरा मी. दलालही त्याच बाकड्यावर बसलेला.

"गंगाधरभाऊ," तो चहा फुंकत म्हणाला, "खरं सांगू? पोती हलवायचं माझ्या डोक्यातबी न्हवतं."

"मंग तुमच्यावर मनाई काहून लागली?"

"तुमच्या लोकांनी मागितली म्हणून. पण तुमच्यावर कुणी मागितली?"

"कुणीच न्हाई," मी म्हणालो. "माझ्यावरची कोर्टानं आपल्या मनानं दिली."