गव्हाशिवायचं उदोन

"सिलिॲक डिसीज," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे आयुष्यभर गहू बंद."

तोरू, माझा नवरा, सलाईन लावलेल्या हाताकडे बघत हसला. मलाही क्षणभर हसूच आलं. आमच्या शहरातल्या न्यू लिन या उपनगरात, एका छोट्या जपानी रेस्टॉरंटमध्ये तो रोज सकाळी मैदा मळून उदोन बनवत असे. उदोन म्हणजे जाड, मऊ नूडल्स. शिकोकू बेटावरच्या त्याच्या गावात लोक नाश्त्यालाही तेच खातात. हे मी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

सिलिॲकमध्ये गव्हातलं आणि बार्लीतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं, की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. तोरूचे व्हिलाय झिजून सपाट झाले होते. तो खात होता, पण अंगी काहीच लागत नव्हतं.

याची सुरुवात थकव्याने झाली. मग जुलाब, मग हिमोग्लोबिन कमी. आमच्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, आधी ताण म्हटलं, नंतर आयबीएस, म्हणजे वरचेवर पोट बिघडण्याचा त्रास. जपानी माणसांत सिलिॲक फार क्वचित आढळतो, त्यामुळे तो कुणाच्या मनातही आला नाही. पोट बिघडलं की तोरू दुसरं सगळं बंद करून फक्त साधं उदोन खायचा. पोटाला हलकं म्हणून.

एके दिवशी तो कामावरच कोसळला. रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली गेलं होतं, की हृदयाचे ठोके चुकत होते. वॉर्डात मॉनिटरचा आवाज ऐकत मी बसून राहायचे. मग एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याचे तुकडे तपासायला घेतले. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी सावधपणे सांगितलं होतं, "लिम्फोमा नाही ना, हेही बघतोय." लिम्फोमा म्हणजे कॅन्सरचाच एक प्रकार. वेटिंग रूममध्ये समोरच्या टीव्हीवर रग्बी चालू होती आणि मी मनात देवाशी वाटाघाटी करत होते. म्हणून सिलिॲक हे नाव ऐकलं तेव्हा आधी सुटल्यासारखं झालं.

खरे हाल घरी आल्यावर सुरू झाले.

मी मूळची कुडाळची. शिक्षणासाठी इथे परदेशात आले आणि राहिले. आजारी माणसाला काय द्यायचं, तर मऊ भात आणि वरण, एवढंच मला ठाऊक. ना गहू, ना मैदा. तरी तोरूचे जुलाब थांबेनात. रस्सीवर टांगल्यासारखे त्याचे कपडे अंगावर लोंबू लागले. शेवटी हॉस्पिटलच्या डाएटिशियनने, म्हणजे आहारतज्ज्ञ बाईंनी, फोनवर मला स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडायला लावला.

"फोडणीत काय काय घालता?"

"मोहरी, हळद, हिंग."

"हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचा."

बारीक अक्षरांत लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. बाजारातल्या बहुतेक हिंगात ते मिसळलेलं असतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांना हे कुणी आपणहून सांगणार नाही. गव्हाच्या पिठाचे कण अडकलेले असतील म्हणून पोळपाट-लाटणं, लाकडी डाव, जुना सोऱ्या, सगळं मी त्या दिवशी घराबाहेर काढलं.

हिंग गेला तसे जुलाब कमी झाले, पण तोवर तोरूचं मनच अन्नावरून उडालं होतं. ताट बघितलं की तो मान फिरवायचा. रेस्टॉरंटमध्ये पिठाची धूळ हवेत उडत असते, त्यामुळे तिथे परत जाणं शक्य नव्हतं. तो दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचा. आम्ही आपसात इंग्रजीतच बोलतो, पण हळूहळू तेही बंद झालं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वजन बघितलं आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात हे असंच राहिलं, तर परत ॲडमिट करावं लागेल. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल."

गाडीत बसल्यावर तोरू म्हणाला, "घालू दे नळी. निदान चव तरी लागणार नाही."

मी गाडी सुरूच करू शकले नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. त्याने माझ्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. ठेवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "लहानपणी आजारी पडलास की आई काय द्यायची?"

"निकु उदोन." म्हणजे बीफचं उदोन. मग म्हणाला, "ते आता नाही होणार."

माझ्या माहेरी बीफ कधी शिजलं नाही. मीही खात नाही. तोरूला हवं असेल तर तो बाहेर खायचा, घरी कधी आणायचा नाही. मी त्याच दिवशी बुचरकडे गेले आणि पातळ काप करून मागितले. काउंटरपाशी उभं राहणं नकोसं होतं, पण नळीचा विचार त्याहून वाईट होता.

ज्या गरम रसात उदोन घालतात, तो जमण्यासारखा होता. कोंबु, म्हणजे समुद्रातलं सुकवलेलं शेवाळ, आणि सुकवलेल्या माशाचे पापुद्रे पाण्यात उकळून गाळून घ्यायचे. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून लेबल वाचून बिनगव्हाचा तामारी आणला. प्रश्न नूडल्सचा होता. पाकिटातल्या राइस नूडल्स त्याने आधीच नाकारल्या होत्या.

तेव्हा मला शिरवाळे आठवले. आमच्याकडे तांदळाच्या पिठाची उकड काढतात, तिचे गोळे पाण्यात शिजवतात आणि गरम असतानाच सोऱ्यातून दाबून शेवया पाडतात. ओटाहुहू भागातल्या इंडियन दुकानातून नवा सोऱ्या आणला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला.

"नारळाचो रस काढलंस?" आईने विचारलं.

"आई, हे नारळाच्या रसात नाही खायचे. तोरूसाठी बीफच्या सुपात घालायचे आहेत."

पडद्यावर आईने एकदा देवघराच्या दिशेने बघितलं.

"पिठात मीठ घातलंस मां?" ती म्हणाली.

पहिले शिरवाळे रसात पडताच विरघळले. मी भांड्याकडे बघत उभी राहिले. पुन्हा पीठ घ्यायचं त्राण नव्हतं. मागून आवाज आला, "टॅपिओका स्टार्च घाल. आणि पीठ अजून मळ."

तोरू भिंतीला धरून दारात उभा होता. मी त्याला खुर्ची दिली. तो बसून सांगत राहिला आणि मी ते स्टार्च, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, घालून मळत राहिले. जाड भोकांची चकती लावून आम्ही दोघांनी मिळून सोऱ्या दाबला. या खेपेला शेवया टिकल्या. साखर आणि तामारीत परतलेलं बीफ वर घातलं, कांद्याची पात पेरली.

त्याने एक घास घेतला. चावत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

"हे उदोन नाही," तो म्हणाला.

मी बाऊल उचलायला हात पुढे केला. त्याने तो स्वतःकडे ओढला.

"पण ठेव."

त्याने अर्धा बाऊल संपवला. खाताना तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

त्या आठवड्यात वजन थोडंसंच वाढलं, पण नळी टळली. एका सुपाने कुणी बरं होत नाही. त्यानंतरही वाईट दिवस आले. रेस्टॉरंटमधले आपले सुरे घरी आणले, तेव्हा दोन दिवस तो परत खिडकीपाशी बसून राहिला. रक्तातल्या अँटिबॉडीज, म्हणजे शरीर स्वतःवर करत असलेल्या हल्ल्याची खूण, खाली यायला कित्येक महिने लागले. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या, "व्हिलाय परत वाढतायत. हळू, पण वाढतायत." त्या डॉक्टरांचे, फोनवर चिकाटीने डबे उघडायला लावणाऱ्या त्या बाईंचे आणि माझ्या आईचे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही.

तोरू आता एका रोपवाटिकेत काम करतो. काल संध्याकाळी आला, दारात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढता काढता त्याने विचारलं, "जेवायला काय आहे?" मी दमून आलेली असताना या प्रश्नाचा मला पूर्वी वैताग यायचा. काल मी हातातलं काम ठेवलं आणि त्याला परत एकदा विचारायला लावलं.