देणाऱ्याने आधी खावे

बोर्डिंगच्या भटारखान्यात किस्से चिकटून बसतात. पातेलं कितीही घासा, बुडाला थोडं राहतंच, तसे. दादा होता तेव्हा तोच सांगायचा आणि मी हसायचो. त्याला जाऊन अजून महिना झालेला नाही. मधेच थांबलो तर थांबू द्या.

*

नगरमधल्या एका कॉलेजचं बोर्डिंग. माझा मोठा भाऊ रंगनाथ तिथे आचारी, मी वाढपी. दुष्काळ पडला तशी खडी फोडायच्या कामावरची माणसं दुपारी मागच्या फाटकाशी भांडी घेऊन बसू लागली. उरलेलं अन्न दादा त्यांना वाढायचा.

एकदा आमच्या भातानं एका बाईला उलट्या झाल्या. नवऱ्यानं तक्रार केली. आमचे सेक्रेटरी स्वतःच वकील. त्यांनी कागद केला: उरलेले अन्न खड्ड्यात टाकून वर फिनेल ओतावे. बाहेर द्यायचेच असेल तर देणाऱ्याने आधी खावे व तासभर थांबावे. काही झाल्यास जबाबदारी त्याची.

मी वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "उपाशी मानसांम्होरं भाकरीवर फिनेल वतू? आन तो कागद."

आणि अंगठा उठवला!

*

पहिल्या दिवशी दादा जेवला आणि लिंबाखालच्या दगडावर बसला. फाटकापलीकडे तीस-चाळीस माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती. मधेच दादाला शिंक आली, तर अख्खी रांग उभी राहिली.

तास भरला तेव्हा पाथर्डीकडची सरूमावशी पुढे आली. "जित्ता हाय का रं?"

"हाय."

"मंग वाढ."

तेव्हापासून रोज तेच. ते विचारल्याशिवाय कोणी भांडं पुढे करायचं नाही.

*

बोर्डिंगातला एक पोरगा वकिलीचं शिकत होता. तो दादाला म्हणाला, "मामा, तुम्ही मेलात तर कायद्यानं गुन्हेगार तुम्हीच."

"मंग मला धरायला कुठं येनार?"

पोरगा हसला नाही. त्या दिवसापासून तो ताटात काही उष्टं टाकेनासा झाला.

*

एकदा आमटी आंबली. दादानं पहिलाच घास थुंकला आणि सगळं खड्ड्यात लोटलं. मी फाटकावर जाऊन सांगितलं, आज काही नाही, जा.

कोणी हललं नाही. तासभर बसून राहिले. मग सरूमावशीनं विचारलं, दादा हाय म्हणाला, आणि सगळे रिकामी भांडी घेऊन गेले.

मला ते आवडलं नव्हतं. दादाला म्हणालो, सोड हे. त्यानं ऐकलं नाही.

*

त्या दिवशी दादा रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि आमटी खाऊन दगडावर बसला. पाठ लिंबाला, तोंडावर टॉवेल. ऊनच तसं होतं.

तास भरला. मावशीनं विचारलं. दादा म्हणाला, "हाय."

मी वाढलं. सगळे जेवले. मग दादाला पाणी द्यायला गेलो. पाय गार होते.

डॉक्टर लगेच आले. म्हणाले, हृदय बंद पडलं. प्राण जाऊन दीड तास तरी झाला असेल. मी म्हणालो, आत्ता बोलला ना तो! त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

*

पंचनाम्याला हवालदार आले. जेवलेल्यांपैकी एकालाही काही झालं नव्हतं. 'हाय' मात्र प्रत्येकानं ऐकलं होतं. हवालदारानं खूप वेळ पेन हातात धरलं. शेवटी लिहिलं, मयताने आपण जिवंत असल्याचे सांगितले. मग ते त्यांनीच खोडलं.

सेक्रेटरींनी अंगठ्याचा कागद काढून दाखवला. जबाबदारी त्याचीच आहे, म्हणाले. मी हातातला डाव घेऊन त्यांच्या अंगावर गेलो. चौघांनी धरलं.

उद्यापासून फिनेल, असं ठरलं. मी तोच कागद ओढला आणि अंगठ्याच्या खाली सही केली. चौथीपर्यंत शिकलो, ते तेवढ्याच कामाला आलं.

*

तेराव्यानंतर पहिल्यांदा दादाच्या जागी मी जेवलो आणि बसायला गेलो. दादाच्या दगडावर बसवेना. पुढे मातीत बसलो. फाटकापलीकडे तीच माणसं, तशीच बघत होती.

तास भरला. सरूमावशी पुढे आली.

"जित्ता हाय का रं?"

"हाय," मी म्हणालो.

"तुला न्हाई इचारलं."

ती माझ्या मागे, दगडाकडे बघत थोडी थांबली. मग मान डोलावली आणि भांडं पुढे केलं.

"वाढ."