बन्सीच्या गाडीचे दात

पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात भंगार साचतं, तसेच किस्से साचतात. फेकायला हात होत नाही, आणि घरचे विचारतात, ठेवलं कायले? महागावच्या माझ्या दुकानात मागच्या तीन वर्षांत जे साचलं, ते सगळं दोन खेळण्यांपायी.

एक गाडी गुरुजींची. शाळेतून रिटायर झाले तशी पुण्याच्या लेकानं रिमोटची गाडी पाठवली. हातभर लांब, चारही चाकं ओढणारी. दुसरी बन्सीची. बन्सी तांड्यावरचा शेतकरी, वय साठ. गुरुजींची गाडी पाहिली आणि पंधरा दिवसांत तशीच मागवली. दोघांचा मेकॅनिक मी, चौथी पास. दर रविवारी बाजाराच्या रिकाम्या ओट्यावर शर्यत, आणि दर रविवारी बन्सी हरणार. हा नियम कोणी केला नाही, पण पाळला सगळ्यांनी.

*

मोटारीच्या टोकाला लहान दातचक्र असतं, त्याला लागून मोठं प्लास्टिकचं. दोघांत केसाएवढी फट लागते. घट्ट बसवलं तर मोटार तापते, सैल बसवलं तर दात खाऊन टाकते. युक्ती सोपी आहे. मधे वहीचा कागद अडकवायचा, मोटार दाबून स्क्रू आवळायचे, मग कागद ओढून घ्यायचा.

हे मी बन्सीला फोनवर सांगितलं, हीच चूक झाली. रविवारी गाडी दहा हात गेली, कर्रर्र झालं, आणि मोठ्या चक्राचं पार बोळकं झालं.

"कागद लावला होता का?"

"लावला ना भाऊ. पुतनीच्या लग्नाची पत्रिका लावली. चांगली जाड."

"वहीचा काहून नाही लावला?"

"मले वाटलं, चांगल्या कामाले चांगला कागद लागते."

*

गाडीच्या चाकांतल्या बेअरिंग ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यात माती गेली की पेट्रोलमध्ये धुवाव्या लागतात. एकदा गुरुजींच्या घरी धुतल्या, आणि गाळायला स्वयंपाकघरातली चहाची गाळणी उचलली. नीट पुसून जागेवर ठेवली, माझ्यात तेवढी रीत आहे.

मग वहिनींनी चहा टाकला. गुरुजींनी घोट घेतला, डोळे मिटले.

"आज चहाला काही वेगळाच स्वाद आहे."

"विलायची असन," मी म्हटलं.

दोन कप प्यायले. वहिनींना आठ दिवसांनी कळलं. त्या घरी मला चहा अजून मिळतो, पण मी उठून बाहेर पडेपर्यंत गाळणी वहिनींच्या हातात असते.

*

गुरुजींना कोणाला काही विचारणं जमत नाही. सारी नोकरी त्यांनीच दुसऱ्यांना विचारलं. एकदा त्यांनी पुढचं डिफरन्शियल स्वतःच उघडलं. वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू देणारा तो डबा. त्यातलं तेल बदललं आणि बसवताना बसवला उलट्या बाजूनं. रविवारी रिमोट दाबला तर पुढची चाकं पुढे ओढतात, मागची मागे. गाडी जागच्या जागी हिव भरल्यासारखी थरथरून राहिली.

बन्सी म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गाडीनं आमची ग्रामसभा पाह्यली वाट्टे."

मला पाहताक्षणीच समजलं होतं. पण मी म्हटलं, "बॅटरीच असन." गुरुजी पुढचे दोन दिवस बॅटरी तपासत होते.

त्या रविवारी तरी बन्सी जिंकायचा. पण समोरची गाडी हलत नाही याचा त्याला इतका आनंद झाला, की हसता हसता आपली गाडी त्यानं ओट्यावरून खाली नालीत घातली. गुरुजींची गाडी न हलता जिंकली.

*

हे मात्र बन्सीच्या मनाला लागलं. म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी बाजार बंद राह्यते. शेवटची शर्यत. हरलो त गाडी तुमची, गुरुजी. पुन्हा रिमोटले हात लावनार नाही."

"मान्य," गुरुजी म्हणाले.

या वेळी मी एकही खोडी केली नाही. वहीचा कागद लावून बन्सीच्या गाडीचे दात बसवले, बेअरिंग धुतल्या, डिफरन्शियलमध्ये नवं तेल भरलं. गाडी अशी सरसर फिरली की मलाच वाटलं, यंदा गुरुजी गेले.

पोळ्याच्या सकाळी गुरुजी पिशवी घेऊन ओट्यावर हजर. बन्सी आला, गाडी दुपट्ट्यात गुंडाळलेली. दुपट्टा सोडला तर गाडी पिवळीधम्मक. तूप आणि हळद. दातांत, बेअरिंगमध्ये, जिथं बोट जाईल तिथं.

"बन्सी, हे काय करून ठेवलं?"

"काल बैलाचे खांदे शेकाचा दिवस होता ना भाऊ. घरच्या बाईनं सवयीनं तूप-हळद काढून ठेवली. बैल त मागच्या साली इकले, ट्रॅक्टर आलं. गोठ्यात पाह्यलं, कोनी नाही. मंग खांदा कोनाचा शेकू? हिचाच शेकला. बैलाले देतो तसं आवतन देलं, उद्या जेवाले ये म्हटलं."

"आता पळन कशी?"

"पळवाचीच नाही. पोळ्याले जुपत असतात का?"

"नाही उतरला त हरला. बोली झाली हाये," मी म्हटलं.

बन्सीनं गाडी दोन्ही हातांत घेऊन गुरुजींसमोर धरली. "घेऊन जा. पन आज जुपू नका, गुरुजी. उद्या जुपा."

गुरुजींनी गाडीकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही.

"माझीही बॅटरी चार्ज नाही," ते म्हणाले. पिशवीची गाठसुद्धा न सोडता घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकटे आले. तीच पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"आवाज करते. बघ जरा."

मी चार स्क्रू काढले, झाकण उचललं. मोठ्या चक्राच्या दाता-दातांत पिवळं तूप बसलेलं.

गुरुजींच्या सात पिढ्यांत कोणी बैल पाळला नाही.

मी वर पाहिलं. गुरुजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, तेही मागच्या वर्षीचं.

"गाळणी आणली आहे," ते म्हणाले. "बन्सीले सांगू नको."