पाय वर घ्या!

"पाय वर घ्या!"

समोरच्या काकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा 'या', 'बसा', 'पाणी आणू का' यांतलं काहीही ऐकू यायच्या आधी हे ऐकू आलं. मी झोपाळ्यावर टेकतेय न टेकतेय तोच काका कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभे. नजर थेट माझ्या पावलांवर. अगं बाई, पाय मळलेत की काय! मी ओशाळून मांडी घातली.

"आता झोका घ्या," काका म्हणाले. "जमिनीला पाय नाही लावायचा, भिंतीला हात नाही लावायचा. घ्या!"

तुम्हीच सांगा, विरजण मागायला गेलेल्या बाईनं यावर काय करावं? मी हातातली वाटी सांभाळत मागे-पुढे डुलले. झोपाळा करकरला आणि हलला.

"हलला ना? कोणी ढकलला?"

"मीच की."

"कशाला रेटून? गाडीत बसून आतूनच गाडी ढकला, जाते का पुढे? नाही जात. मग हा कसा जातो? थांबा, थांबा, घाई नको. विचार करून सांगा."

मी सयाजीगंजातल्या एका ऑफिसात व्हाउचरं तपासणारी बाई. कॉमर्स घेतलं तेच मुळी असले प्रश्न टाळायला. "काकू, विरजण!" असं ओरडून मी सुटका करून घेतली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की समोर वेडा माणूस राहतो. नवरा हसला. दुसऱ्या दिवशी वाटी परत करायला तो गेला, तो तासाभरानं आला आणि पोळी खाता खाता मधेच म्हणाला, "पण खरंच गं, ढकलतं कोण?" मी कपाळावर हात मारला.

बडोद्यात आम्हा मराठी लोकांच्या घरी देव्हारा एक वेळ कपाटात असेल, पण झोपाळा दिवाणखान्याच्या मधोमध हवा. जेवण झालं की त्यावर बसून बडीशेप चघळायची, पायाच्या अंगठ्यानं हळूच जमीन रेटायची, ही इथली रीत. काकांनी घरात ती रीतच बंद करून टाकली होती. गॅसचा सिलिंडर आणणारा, सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी, पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आलेल्या खालच्या हंसाबेन, सगळ्यांना एकच हुकूम. हंसाबेन जिन्यात मला गाठून म्हणायच्या, "आ काका तो साव गांडा छे!" म्हणजे ठार वेडे, आणि आठवड्यानं पुन्हा त्याच झोपाळ्यावर मांडी घालून डुलताना दिसायच्या.

कहर म्हणजे काकांच्या भाचीला बघायला मंडळी आली तेव्हाचा. मुलाचे वडील चांगले भरदार गृहस्थ. हातात चिवड्याची बशी. काका आले आणि म्हणाले, "पाय वर घ्या!" घरातल्या बायकांचे चेहरे पांढरे पडले. त्या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी पाय वर घेतले, एकदा मागे रेलले आणि सगळा चिवडा शर्टावर. मला वाटलं, संपलं, गेलं स्थळ. तर ते शर्ट झटकत म्हणाले, "अहो, पण हा हलला कसा?" लग्न झालं. त्या गृहस्थांचा दर दिवाळीला फोन यायचा आणि ते आधी झोपाळ्याचीच चौकशी करायचे.

काका काही शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ नव्हते हो. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. शाळेत पदार्थविज्ञानात गटांगळ्या खाल्ल्या होत्या, तेही ते फुशारकीनं सांगायचे. त्यांची उत्तरं बहुतेक चुकायचीच. एकदा त्यांनी ठरवलं की झोका श्वासामुळे मिळतो, फुगा सोडला की कसा पळतो, तसं. मग आठवडाभर गाल फुगवून, झोपाळ्यावर मागे तोंड करून फुंकत बसले. शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला. "श्वास नाही," कांद्यामागून ते म्हणाले. "पटत नाही."

'पटत नाही' हे त्यांचं दुसरं पालुपद. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सगळी सोसायटी गच्चीवर. उंधियू, जिलेबी, भोंगे, 'काप्यो छे'चा आरडाओरडा. आणि काका कापलेल्या पतंगाकडे बघत उभे. "दोरी पतंगाला खाली ओढते, बरोबर? मग खाली ओढणारी तुटली, तर तो आणखी वर जायला हवा. हा गोते खात का पडतो?" ज्याचा पतंग कापला गेला होता त्यालाच विचारलं. तो फिरकी गुंडाळत निघून गेला.

या सगळ्यात एकट्या काकूंना सूट होती. त्या संध्याकाळी मेथी निवडायला झोपाळ्यावर बसायच्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्यानं जमीन रेटत राहायच्या. त्या जागची फरशी अंगठ्याएवढी गुळगुळीत झाली होती. काका 'पाय वर' म्हणाले की त्या मान वर न करता म्हणायच्या, "तुमच्या शास्त्रानं मेथी निवडून होत असेल तर घेते पाय वर." काका गप्प. त्यांना गप्प करणारं बडोद्यात दुसरं कोणी मी तरी पाहिलं नाही.

पुढे शेजारच्या इमारतीत कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम राहायला आल्या. काकांनी त्यांना पहिल्याच दिवशी झोपाळ्यावर बसवलं. त्या बसल्या, डुलल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही मागे रेललात की पाट जरासा पुढे सरकतो. पाट सरकला की या कड्या तिरक्या होतात. तिरक्या कड्या सगळ्याला ओढतात. कड्या हुकात, हूक छतात. म्हणजे बाहेरचा धक्का आहेच. तो छताकडून येतो."

"म्हणजे घर ढकलतं?"

मॅडम हसल्या. "हो, घर ढकलतं म्हणा."

"म्हणजे माणसानं नुसतं रेलायचं, ढकलायचं काम घराचं?"

"वेळेवर रेलायचं. झोपाळ्याच्या तालात."

काकांनी मान वर करून हूक न्याहाळला. मग म्हणाले, "पटलं." मी आणि काकू एकमेकींकडे बघतच राहिलो. हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. पुढचे काही दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, "अहो, घर ढकलतं!"

त्यानंतर वर्ष झालं असेल नसेल, काकूंना झटका आला.

दुपारी भांडं पडल्याचा आवाज आला, मी धावले, तर काकू ओट्याशी पडलेल्या आणि तोंड वाकडं. काकूंची उजवी बाजू पार गेली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, ते गाठोड्यासारखं उचलून. बसवलं की कलंडायच्या. त्याहून वाईट म्हणजे, बसायचंच नाही असं त्यांनी ठरवलं असावं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी काकुळतीला यायची, तरी या चांगला हातसुद्धा हलवायच्या नाहीत.

मुलगा पुण्याहून आला. वाईट नाही हो तो, आईचे पाय चेपत बसायचा. पण त्याचं तिथलं घर तिसऱ्या मजल्यावर लहानसं, नवराबायको दोघं नोकरीवर. तो म्हणाला, "बाबा, पुण्यात अशा पेशंटना ठेवून घेतात, चांगली जागा बघितलीय. हा फ्लॅट काढून टाकू. तुम्ही आमच्याकडे राहा."

"पतंग कापला की का पडतो, सांग," काका म्हणाले.

"बाबा, प्लीज! आता नको!"

"आत्ताच सांग."

तो चिडून दार आपटून जिना उतरला. जाताना मला म्हणाला, "आई आपली आपण नीट बसायला लागली तर ठेवा इथं. नाहीतर दिवाळीनंतर मी नेणार." काकांनी ते दारातून ऐकलं.

आणि मग एका रविवारी मी वरणाची वाटी घेऊन गेले आणि दारातच थिजले. काकू झोपाळ्यावर. मागे लोड, कमरेला जुनं सुती लुगडं गुंडाळून कड्यांना बांधलेलं. दोन्ही पाय उचलून पाटावर ठेवलेले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि हा माणूस चार हात लांब, कमरेवर हात ठेवून उभा!

"पाय वर आहेत," तो तिला सांगत होता. "आता तुझं तू. रेल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "काका! माणूस आहात की कोण आहात? आजारी बाईला बांधून घातलंत? तुमच्या त्या खुळापायी?" मी लुगड्याची गाठ सोडायला धावले. आरडाओरडा ऐकून हंसाबेन वर आल्या, त्याही तोंडाला पदर लावून "हाय हाय" करायला लागल्या.

काका रागावले नाहीत, तेच मला जास्त झोंबलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तिचा अंगठा गेला गं. अंगठ्यानं रेटायची ती. आता जमिनीला पाय लावून तिला कधीच झोका मिळणार नाही. पाय न लावता मिळतो, एवढं एकच मला आयुष्यात समजलंय. दुसरं काय देऊ मी तिला?"

गाठ माझ्या हातातच राहिली. काकू डाव्या हातानं कडी घट्ट धरून बसल्या होत्या, आणि मी ती बोटं सोडवू गेले तर सोडवू देईनात.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या मुलीला मीच विचारलं. तीही आधी हादरली. मग म्हणाली, "असं बांधू नका, मी पट्टा देते. मागे कोणीतरी हात धरून उभं राहा. पण काकूंनी स्वतःहून कडी पकडली? माझ्यासाठी तर त्यांनी बोट हलवलं नाही!"

त्यानंतर रोज संध्याकाळी समोर तेच चालायचं. पट्टा, लोड, मागे काकांचा एक हात, न टेकलेला. "रेल. पुढे ये. रेल." कधी काकू मान फिरवायच्या, कधी चिडून डाव्या हातानं काकांना फटका मारायच्या. फटका बसला की काका खूश. पण झोपाळा? तो ढिम्म. एवढ्या वर्षांत त्या झोपाळ्याचं करकरणं ऐकायची सवय झालेली, आता त्याचं गप्प राहणं आमच्या घरात ऐकू यायचं.

दिवाळी तोंडावर आली. मी चकलीची भाजणी दळून आणत होते, काका जिन्यात भेटले. चेहरा असा, की लॉटरी लागलीय. "काल हलला!"

"काय हलला?"

"झोपाळा. बोटभर. मी हातसुद्धा लावला नव्हता."

मला त्यांची दया आली. "काका, पंख्याची हवा असेल."

"पंखा बंद होता."

"मग खालून ट्रक गेला असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "पटत नाही ना? हरकत नाही. मलाही किती वर्षं पटत नव्हतं."

दोनच दिवस गेले. सकाळी हंसाबेनच्या किंकाळीनं मी जागी झाले. धावत गेले, तर काका जिन्याच्या वळणावर पायरीवर बसलेले, पाठ भिंतीला, मांडीवर दुधाच्या दोन पिशव्या. मी म्हटलं, "काका, दम लागला का?" आणि खांद्याला हात लावला. देवा रे! काका गेले होते. पिशव्या अजून गार होत्या. त्या क्षणापासून पुढचा सगळा दिवस मला नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की त्यातली एक पिशवी मी कितीतरी वेळ हातात धरून हिंडत होते आणि ती खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. आणि काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेराव्याला घर भरलेलं. जेवणं उरकली होती. काकूंना आम्ही पट्टा बांधून झोपाळ्यावर बसवलं होतं, म्हणजे लोकांना भेटता येईल. समोर स्टुलावर काकांचा फोटो, पुढे दिवा. दिवा विझू नये म्हणून पंखे बंद, सगळे घामाघूम. आणि मंडळी काकूंच्या देखत त्यांची विल्हेवाट लावत होती. परवाच्या गाडीनं न्यायचं की रुग्णवाहिका करायची. पलंग द्यायचा कोणाला. फ्लॅटला गिऱ्हाईक कोण आणतंय. एक नातेवाईक तर म्हणाले, "त्यांना काय, इथं काय आणि तिथं काय!" माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण मी कोण सांगणार?

तेवढ्यात करकर झाली.

आधी मला वाटलं, कोणीतरी दार लोटलं. पुन्हा करकर. मी वर बघितलं. पंखा बंद. दिव्याची ज्योत सरळ उभी. खोलीतलं बोलणं एकेक करून थांबलं. काकू डाव्या हातानं कडी धरून मागे रेलल्या होत्या. पुढे आल्या. पुन्हा रेलल्या. तालात. पाट बोटभर गेला, मग वीतभर, आणि हूक कुरकुरायला लागला. हंसाबेननं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

मुलानं मागे वळून बघितलं, कोण ढकलतंय म्हणून. मागे कोणीच नव्हतं.

"आई!" म्हणत तो धावला, कडी धरली, आणि झोपाळा थांबवायचंही त्याला भान राहिलं नाही, तसाच तिच्याशेजारी पाटावर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. त्याची पावलं जमिनीवर घासत होती. झोका मंदावला.

काकूंनी मान खाली घालून त्याच्या पावलांकडे बघितलं. वाकडं झालेलं तोंड हललं, नुसतं हललं, आवाज नाही. मग पुन्हा हललं. झटका आल्यापासून त्या घरात कोणी न ऐकलेला आवाज, घोगरा, तुटका, पण आम्हा सगळ्यांना अगदी स्पष्ट ऐकू आला.

"पाय... वर."

त्यानं पाय वर घेतले.