कमळाबाईंचं गाणं आणि आमची भाषणं

कुवेतच्या आमच्या मराठी मंडळात मी बरीच वर्षं चिटणीस होतो. कार्यक्रम झाला की अहवाल लिहायचा. अहवालात जे लिहिता यायचं नाही ते डोक्यात साठत जायचं, आणि तसलंच जास्त असायचं! नव्वदीच्या शेवटी शेवटी आम्ही कमळाबाई मिठबावकरांचं गाणं ठेवलं. त्या एका कार्यक्रमावर माझ्या गप्पांच्या चार बैठकी सहज निघतात.

*

कमळाबाई एकेकाळी रेडिओवर गाजलेल्या. दोन रेकॉर्डही निघाल्या होत्या. मग लग्न झालं, सासऱ्यांनी पेटी माळ्यावर टाकली आणि गाणं संपलं. आमच्यातली शुभदा, इथल्या हॉस्पिटलात सिस्टर. ती सुट्टीत मालवणकडे गावी गेली असताना शेजारच्या पडवीत एक पासष्टीची बाई काजू सोलताना गुणगुणत होती. शुभदाने आवाज ओळखला. तिच्या आईकडे रेकॉर्ड होती.

तिने येऊन मंडळात सांगितलं. पंधरा दिवसांत पत्रक निघालं, 'विस्मृतीत हरवलेल्या गायिकेचा शोध : अध्यक्ष भागवत.'

भागवत पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर, मूळचे पुण्याचे. हे ते स्वतःच सांगायचे, विचारावं लागायचं नाही.

शुभदा मला म्हणाली, "अहो, त्या हरवल्या कधी होत्या? गावातल्या पोस्टमनला रोज दिसायच्या!"

*

व्हिसाचा फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यावर गाडी अडली. गायिका लिहिलं तर परवानग्यांचं शेपूट लांबणार. कंपनीच्या कागदपत्रांची कामं करणारा मंदूब म्हणाला, "हाउसवाइफ लिखो, साब." भागवतांनी लिहिलं.

कमळाबाई आल्यावर भागवतांनी ओशाळून त्यांना हे सांगितलं.

"बरोबर लिवलास," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्सां तांच तर केलंय!"

*

त्यांची उतरायची सोय भागवतांकडे. आल्या आल्या बाईंनी घरातले सगळे एसी बंद करवले. गळा धरतो म्हणून. एप्रिल होता, पण तो कुवेतचा एप्रिल! वहिनी घामाने निथळत होत्या आणि भागवत सगळ्यांना फोनवर सांगत होते, "कलावंतासाठी एवढं करावंच लागतं."

दुपारी मी काही कागद द्यायला गेलो. साहेब घरात नव्हते. खाली पार्किंगमध्ये गाडीचा एसी फुल ठेवून घोरत होते.

*

तबल्याला आमचे डॉक्टर कुलकर्णी, पेशाने भूलतज्ज्ञ. त्यांचा तबला ऐकून माणसं झोपतात, हा जोक जुनाच. पण तालमीत वेगळंच झालं. डॉक्टरांना स्फुरण चढलं आणि ते बाईंच्या दोन मात्रा पुढे पळायला लागले.

बाईंनी गाणं थांबवलं. "डाक्टरानू, ऑपरेशन संपायच्या आधी पेशंटाक जागो करतास?"

डॉक्टर त्यानंतर एकदाही पळाले नाहीत.

त्याच दिवशी चहा पिताना बाई शुभदाला म्हणाल्या, "माका एकदाच भरलेल्या सभेत गाणां गावचां आसा गो. मगे गप बसाक मी मोकळी."

*

शुक्रवारी शाळेचा हॉल चार ते सात मिळाला होता. सातला म्हणजे सातला. हॉलचा रखवालदार, इथला शब्द हारिस, इजिप्तचा म्हातारा होता. घड्याळ बघून मेन स्विच पाडायचा.

साडेचारला दीपप्रज्वलन. हॉलमध्ये आग चालत नाही म्हणून समई विजेची. तरी फोटोसाठी भागवतांनी तिला न पेटवलेली काडी दाखवली! मग प्रास्ताविक, परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. मग सत्कार. जाहिरात देणाऱ्यांचे, माजी अध्यक्षांचे, माजी अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचे. कमळाबाई तानपुऱ्याशेजारी बसून होत्या. अंगावर तीन शाली, मांडीवर नारळ. सहा वाजले. साडेसहा झाले. शुभदाने मला दोन चिठ्ठ्या पाठवल्या. त्या मी भागवतांना दिल्या, त्यांनी दोन्ही खिशात घातल्या.

सातला पाच कमी असताना भागवत माइकवर म्हणाले, "वेळेअभावी बाई एकच कडवं म्हणतील. तत्पूर्वी मी थोडक्यात आभार..."

ते आठव्या नावावर होते तेव्हा खटकन सगळं गेलं. दिवे, माइक, एसी. भागवत बोलतच राहिले, पण तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचेना.

आणि त्या काळोखात कमळाबाईंनी सूर लावला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला! डॉक्टरांनी चाचपडत ठेका धरला. भागवत मध्येच गप्प झाले. पोरं, जी एरवी मराठी गाण्याला "सो बोरिंग" म्हणायची, तीही हलेनात.

हारिस बॅटरी घेऊन "खलास, खलास!" करत आत आला. शुभदा उठून त्याच्या कानात अरबीत काहीतरी बोलली. त्याने बॅटरी विझवली आणि पहिल्या रांगेत, भागवतांच्या राखीव खुर्चीत बसला.

बाई तासभर गायल्या.

संपल्यावर हारिसने जाऊन आपणहून दिवे लावले आणि स्टेजपाशी येऊन छातीवर हात ठेवून उभा राहिला. तोवर भागवत चौथी शाल घेऊन चढले होते. माइक त्यांच्या हातात होताच. कमळाबाईंनी ती शाल त्यांच्याकडून घेतली, उलगडली आणि वाकून हारिसच्या खांद्यावर घातली.

मग शुभदाकडे वळून म्हणाल्या, "ह्येका सांग गो, दिवे परत घालव. नायतर हे बोलाक लागतले!"