बेडूकरावांचं टेबल

नवशी कागदावर 'मदतनीस' होती, पोरांच्या तोंडी 'खिचडीवाली आजी' आणि मुख्याध्यापक मनिष सरांच्या मते निव्वळ डोकेदुखी. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावर दोन खोल्यांची शाळा होती. तिथे बारा वर्षं ती चुलीवर खिचडी रांधत होती आणि सोबत तोंड चालवत होती. तिचं म्हणणं एवढंच, की हात कामात असले म्हणून तोंडाने उपास का करावा?

२०१५ साली शाळा डिजिटल झाली. म्हणजे पत्रे गळतच राहिले, पण टीव्ही आला. पेनड्राइव्ह लावून पोरांना एक कार्टून मालिका दाखवायची, असा वरून हुकूम होता. त्यात चष्मा लावलेले बेडूकराव नावाचे प्राध्यापक होते. ते झाडावरून पडले की गुरुत्वाकर्षण समजायचं, पादले की वायू समजायचा, आणि गरम चहाच्या कपात बुडाले की उष्णता. पोरं हसून बसकर पट्ट्यांवर गडबडा लोळायची. नवशी हातात पळी घेऊन दाराशी उभी राहायची. पहिल्याच दिवशी बेडूकराव छत्री उघडून पावसात निघाले, तशी ती मोठ्याने म्हणाली, "ह्यो कसला बेंडूक? पावसाला भितो! ह्याला बेंडकीण तरी घरात घेल का?"

खरं सांगायचं तर तिलाही तो आवडायचा. तीन वर्षांनी तिची नात प्रगती दुसरीत गेली. आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर, म्हणून पोर आजीपाशी. प्रगतीला बेडूकरावांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. ते म्हणाले पाणी उकळून प्यावं, की नवशीच्या घरात पाणी उकळायला लागलं. ते म्हणाले नखं कापावीत, की आजीचीसुद्धा नखं कापली गेली. पोर शहाणी होतेय म्हणून नवशी कुरकुरत का होईना, सगळं ऐकायची.

मग २०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. दर दोन-चार दिवसांनी खालून गुरगुरायचं आणि भांडी वाजायची. माणसं घरासमोर तंबू टाकून झोपू लागली. सरकारही स्वस्थ बसलं नाही. शाळेला एक नवी फाईल आली : बेडूकराव आणि भूकंप. त्यात बेडूकरावांचा बंगला हलतो, केक उडून त्यांच्या नाकावर बसतो आणि ते ओरडतात, "टेबलाखाली बसा, डोकं झाका, घट्ट धरा!" हे रोज दाखवायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचा.

शाळेत टेबल एकच होतं. त्यावर टीव्ही होता. पाड्यावर तर टेबल फक्त लग्नात यायचं, मंडपवाल्याच्या टेम्पोतून, आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं.

"सर," नवशीने विचारलं, "ज्याच्याकडं टेबल नाय त्याना काय करायचां, ता नाय सांगत बेंडूक?"

"ते दुसऱ्या भागात आहे, बाई."

"मंग तो लावा ना."

"डाउनलोड झाला नाही तो. इथे रेंज कुठाय?" सर म्हणाले, आणि त्याच रेंजवर त्यांनी तिच्यादेखत फोटो पाठवून दिला.

जानेवारीत एका सकाळी पुन्हा हललं. नवशी तंबूबाहेर भाकरी थापत होती. तिने हाक मारली, पण घरात पाणी आणायला गेलेली प्रगती येईना. आत जाऊन बघते तर पोर कणगीखाली! वर्षाच्या भाताने तट्ट भरलेली कणगी, चार दगडांवर टेकवलेल्या फळीवर उभी. एक दगड निसटता तर पोरीचं पीठ झालं असतं. नवशीने तिला पाय धरून ओढून काढलं आणि एक ठेवून दिली.

"भायेर का नाय आलीस गे?"

"टेबलाखाली बसायचां असतां," प्रगती हुंदके देत म्हणाली. "आपल्याकडं टेबल नाय."

नवशीने एकदा कणगीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. उद्या पुन्हा हललं आणि आपण जवळ नसलो, तर ही पोर कोणाचं ऐकणार? आपलं की त्या चष्मेवाल्याचं? त्या दिवसापासून संध्याकाळी ताट बडवायचं आणि पोरीला खळ्यावर पळवायचं, हा तिचा नेम झाला. "हललां का भायेर!" शेजारी हसले. प्रगती पळायची, पण तोंड फुगवून. "बेडूकराव वेगळां सांगतात," असं एकदा म्हणाली, तेव्हा "मेला तुझा बेंडूक" असं नवशीच्या तोंडून गेलं, आणि पोर दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी खिचडीला उकळी आली असताना जमिनीने असा हिसका दिला, की पातेलंच कलंडलं. पत्रे थाडथाड वाजू लागले. सर्वांत आधी मनिष सर बाहेर आले, थेट मोटारसायकलपाशी. त्यांनी ते कार्टून कधी नीट पाहिलंच नव्हतं, म्हणून वाचले. पोरं मात्र गुणी. तीस पोरं त्या एका टेबलाकडे धावली. आठ खाली मावली, बाकीची त्यांच्यावर चढली. टेबल डुलत होतं, टीव्ही कडेला सरकत होता.

"भायेर, भायेर!" ओरडत नवशी आत घुसली. कोणाचा हात, कोणाची शेंडी, जे सापडेल ते धरून तिने पोरं दाराबाहेर लोटली. टीव्ही तिच्या पायावर पडला. अंगठ्याचं नख गेलं, पण तिला ते कळलंच नाही. ती टेबलाखाली प्रगतीला शोधत होती. शेवटचं पोर निघालं, तरी प्रगती नव्हती. नवशीने गुडघ्यांवर बसून हंबरडा फोडला.

"आजी," बाहेरून आवाज आला. प्रगती मैदानाच्या मधोमध उभी होती. "मी कवाच आले. तू आत काय करतेस?"

नवशीने तिला छातीशी धरलं आणि ती पोरांसमोर, सरांसमोर भोकाड पसरून रडली.

आठवड्याने तालुक्याहून साहेब आले. टीव्ही कसा फुटला, याची चौकशी होती. पंचनामा दोन पानांचा झाला. त्यात नवशीचा अंगठा कुठेच नव्हता. मग साहेबांनी पोरांची परीक्षा घेतली. भूकंप झाला तर काय करायचं?

"टेबलाखाली बसायचं!" तीस पोरं ओरडली. साहेब खूश. प्रत्येकाला रंगपेटी मिळाली.

"आणि तू गं?"

"भायेर पळायचां," प्रगती म्हणाली.

"चूक. बेडूकराव काय सांगतात?"

प्रगतीने थोडा विचार केला. "बेडूकराव खोटां नाय सांगत, साहेब. पन त्यांच्याकडं टेबल हाय."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पत्र्याकडे पाहिलं. साहेबांनी तिच्या नावापुढे फुली मारली आणि उरलेली रंगपेटी बॅगेत परत ठेवली. नवशी लंगडत चुलीकडे गेली आणि प्रगतीच्या ताटात तिने दोन पळ्या खिचडी जास्त वाढली.